ओळ क्रमांक ४७ : प्रोग्रॅम मॅनेजमेंटमध्ये नव्याने आलेल्यांसाठी धडे टिपण्याची आणि वापरण्याची पद्धत

एप्रिल महिना होता. कस्टमरच्या असेंब्ली लाइनवरून फोन आला की तुमच्या ब्रॅकेटच्या क्लिपा बसवतानाच तुटताहेत, दहात तीन-चार. आधीच्या जुलैत ट्रायलला हेच ब्रॅकेट दिलं होतं, तेव्हा एकही तुटलं नव्हतं. मोल्ड म्हणजे साचा तोच, मशीन तेच, प्लास्टिकच्या दाण्याचा ग्रेडही तोच. चाकणच्या त्या कारखान्यात आम्ही तीन दिवस मोल्डचं तापमान, इंजेक्शन प्रेशर, दाणा सुकवण्याची वेळ तपासत बसलो.

कारण हवेत होतं. आमचं ब्रॅकेट नायलॉनचं होतं. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं आणि त्या ओलाव्यानेच त्याला चिवटपणा येतो. मोल्डमधून नुकताच निघालेला पार्ट कोरडा असतो, म्हणून ठिसूळ असतो. जुलैतले पार्ट दोन आठवडे स्टोअरमध्ये पडून होते आणि बाहेर पाऊस कोसळत होता, त्यामुळे त्यांना हवा तेवढा ओलावा आपसूक मिळाला. एप्रिलमध्ये मात्र रात्रपाळीत काढलेला पार्ट सकाळी गाडीत चढत होता आणि दुपारी कस्टमरच्या लाइनवर पोहोचत होता. पुण्याचा उन्हाळा कोरडा, त्यात पार्टला वेळही नाही.

मग आम्ही कंडिशनिंग सुरू केलं. प्लास्टिकच्या पिशवीत मोजून पाणी घालायचं, पार्ट सीलबंद ठेवायचे, दोन दिवसांनी पाठवायचे. तुटणं थांबलं. धड्यांच्या एक्सेलमध्ये मी एक ओळ टाकली : ‘क्लिप ब्रेकेज. कंडिशनिंग करावे. यापुढे काळजी घ्यावी.’ दोन वर्षांनी त्याच कारखान्यात, दुसऱ्या कस्टमरच्या प्रोग्रॅममध्ये, मे महिन्यात पुन्हा नायलॉनच्या क्लिपा तुटल्या. माझी ओळ जागेवर होती, क्रमांक ४७. ती कोणी उघडून पाहिलेली नव्हती. आणि पाहिली असती तरी तिच्यावरून कोणाला काही करता आलं नसतं.

पीएमओमध्ये (प्रोग्रॅम मॅनेजमेंट ऑफिसात) किंवा प्रोग्रॅम टीममध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींकडे हे धड्यांचं एक्सेल बहुतेक पहिल्याच महिन्यात सोपवलं जातं. ते कसं भरायचं, आणि भरून झाल्यावर खरं काम कुठे सुरू होतं, ते इथे सांगते. माझी उदाहरणं मोटारीच्या सुट्या भागांची आहेत कारण मी त्यातच वाढले. हिंजवडीत सॉफ्टवेअरचे प्रोग्रॅम चालवणाऱ्यांना मोल्डच्या जागी रिलीज आणि डिस्पॅचच्या जागी डिप्लॉयमेंट धरून वाचता येईल.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या

एका गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूचे समजा १४ पार्ट आपल्याला करायचे आहेत. प्रत्येक पार्टचा मोल्ड, ट्रायल, मंजुरी हा एकेक प्रोजेक्ट. चौदाही पार्ट एकाच तारखेला, एकमेकांत बसणारे, ठरलेल्या किमतीत लाइनवर उभे करणं हा प्रोग्रॅम. एका पार्टवर कळलेली गोष्ट उरलेल्या तेरांपर्यंत त्याच आठवड्यात पोहोचवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये असते आणि फायदाही तिथेच जास्त असतो. प्रोजेक्ट संपेपर्यंत थांबलात तर तो फायदा गेला.

दुसरा शब्द धडा. ‘टूलरूमने (म्हणजे मोल्ड बनवणाऱ्या विभागाने) मोल्ड उशिरा दिला’ ही तक्रार आहे. ‘मोल्डला अकरा आठवडे लागले’ ही माहिती आहे. यामुळे पुढच्या वेळी कोण, काय, वेगळं करील याचं उत्तर त्या नोंदीत सापडलं, तरच तिला धडा म्हणा.

हे काम कोणाच्या हौसेवर सोडलेलं नाही. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.१.६ संस्थेच्या ज्ञानाबद्दल आहे आणि त्याच्या टिपेत अपयशातून व यशस्वी प्रोजेक्टमधून मिळालेल्या धड्यांचा उल्लेख आहे. मोटार उद्योगाचं आयएटीएफ १६९४९ हे २०१६ चं मानक आणखी पुढे जातं. परत बोलावलेला माल, प्रॉडक्ट ऑडिट, बाजारातून परत आलेले पार्ट, तक्रारी, स्क्रॅप आणि रिवर्क यांतून शिकलेलं जोखमीच्या विश्लेषणात घ्यायलाच हवं असं त्यात लिहिलं आहे. त्यामुळे ऑडिटर नोंदवही मागतो आणि नोंदवही बहुतेक सगळीकडे असते.

पण कोठार असलं म्हणजे त्यातलं कोणी वापरतं असं नाही. अमेरिकेच्या नासाकडे धड्यांची मोठी संगणकीय प्रणाली होती. सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी गमावलं गेलं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडाच्या एककात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटनचे समजत होती. पुढे २०१२ मध्ये नासाच्याच अंतर्गत महानिरीक्षकांनी त्या प्रणालीची तपासणी केली, तेव्हा प्रोजेक्ट मॅनेजर ती क्वचितच उघडतात आणि तिच्यात क्वचितच भर घालतात असं आढळलं. यावरून मी माझ्या कामाचा क्रमच उलटा केला. आधी वापर, मग नोंद.

पहिली पायरी : पहिल्या आठवड्यात जुनं वाचा, आणि माणसांना विचारा

नवा प्रोग्रॅम हातात आला की धड्यांच्या एक्सेलआधी तीन गोष्टी काढा. तशाच जातीच्या जुन्या पार्टचा पीएफएमईए (प्रक्रियेत काय काय बिघडू शकतं याचा तक्ता), गेल्या दोन वर्षांतल्या कस्टमर तक्रारींचे एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ शोधून उपाय नोंदवणारे आठ पायऱ्यांचे अहवाल), आणि मोल्डमध्ये केलेल्या दुरुस्त्यांच्या नोंदी. दुरुस्त्यांच्या नोंदीत तारखा आणि खर्च दोन्ही असतात, म्हणून मी त्यांच्यावर जास्त विसंबते.

नंतर तिघांना भेटा : मोल्डिंगचे सुपरवायझर, डिस्पॅच सांभाळणारे आणि कस्टमरच्या प्लांटमध्ये बसणारा आपला क्वालिटी इंजिनियर. ‘मागच्या प्रोग्रॅममधून काय धडे मिळाले?’ असं विचारू नका, कोणाला काही सुचत नाही. त्याऐवजी विचारा, ‘हाच पार्ट परत करायचा झाला तर तुम्ही कुठे जास्त दिवस धराल?’ आमच्याकडे मोल्डिंगचे एक जुने सुपरवायझर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांना हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा ते म्हणाले, ‘मॅडम, नायलॉन उन्हाळ्यात काढायचं तर मला दोन दिवस जास्त लागतात.’ म्हणजे त्यांना ठाऊक होतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

या वाचनातून आणि गप्पांतून पाच-सात मुद्दे निवडा, जास्त नकोत. किकऑफच्या बैठकीत पहिली वीस मिनिटं त्यांच्यासाठी मागून घ्या आणि प्रत्येक मुद्द्यापुढे माणूस आणि तारीख लिहूनच उठा.

दुसरी पायरी : घडलं त्याच दिवशी टिपा

जवळ एक साधी वही ठेवा. प्रत्येक घटनेला तीन ओळी पुरतात : काय ठरलं होतं, काय झालं, आणि तेव्हा परिस्थिती काय होती. तिसरी ओळ लोक सोडून देतात, आणि खरा ऐवज तिथेच असतो. महिना, पाळी, मशीन, दाण्याचा लॉट, पार्ट काढून किती तास झाले, एवढं लिहा. आमच्या जुलैच्या ट्रायल रिपोर्टमध्ये ‘पार्ट १४ दिवस स्टोअरमध्ये होते’ एवढे शब्द असते, तर एप्रिलचे ते तीन दिवस वाया गेले नसते.

चांगलं झालेलंही टिपा. एका पार्टचा मोल्ड तीनच ट्रायलमध्ये मंजूर झाला, एरवी पाच लागायच्या. त्या वेळी स्टील कापण्याआधी भोसरीच्या टूलमेकरना आम्ही डिझाइनवाल्यांशेजारी दिवसभर बसवलं होतं. हे लिहून ठेवलं नाही तर पुढच्या वेळी तो एक दिवस ‘वेळेची बचत’ म्हणून कोणीतरी काढून टाकतं.

फोटो काढताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. ऑपरेटरला लिहायला सांगू नका. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा आणि नंतर तुम्ही उतरवून घ्या. त्याने ‘पार्ट कडकड वाजतोय’ म्हटलं तर तसंच लिहा. त्याचं ‘ठिसूळपणा आढळला’ करून टाकलं, तर मशीनपाशी उभ्या असलेल्या पुढच्या माणसाला ती खूण ओळखता येणार नाही.

तिसरी पायरी : गेटपाशी बसा, शेवटी नव्हे

प्रोग्रॅम संपल्यावर धड्यांची बैठक घेण्याची पद्धत फार रूढ आहे आणि मला ती चुकीची वाटते. तोवर अर्धी टीम दुसऱ्या कामावर गेलेली असते. उरलेल्यांच्या आठवणी गुळगुळीत झालेल्या असतात. बैठक प्रत्येक गेटला, म्हणजे एकेक टप्पा पार होताना, घ्या : पहिल्या ट्रायलनंतर, कस्टमरच्या मंजुरीनंतर, आणि उत्पादन सुरू होऊन साधारण तीन महिने झाल्यावर. शेवटची टाळू नका, कारण खरा त्रास तेव्हाच वर आलेला असतो.

बैठकीचा साचा अमेरिकी लष्करात सरावानंतरच्या आढाव्यासाठी तयार झाला. त्याचे चार प्रश्न जगभर वापरले जातात. काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं? याच क्रमाने जा. दुसऱ्या प्रश्नाला भिंतीवर तारखांची रेघ मारा आणि घटना चिकटवा. तारखा समोर आल्या की अर्धे वाद तिथेच मिटतात.

बाकी सगळं वातावरणावर आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर रोज संध्याकाळी समाजआरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळमृदंग टिपेला जातो, चोपदार दंड उंचावतात आणि सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, मगच ती थांबते. हरवल्या-सापडल्याच्या वस्तूंचा पुकारा होतो, दुसऱ्या दिवशीची निघायची वेळ सांगितली जाते. ज्याला काही सांगायचं आहे त्याने वाजवत राहावं आणि मोठ्यांनी त्याच्यापर्यंत चालत जावं, ही रीत मला आमच्या बैठकीत हवी होती.

म्हणून काही गोष्टी मी ठरवून करते. बैठक कॉन्फरन्स रूममध्ये घेण्यापेक्षा लाइनजवळ घेते. ती मराठीत होते, आणि परप्रांतातले कामगार असतील तर हिंदीतही. इंग्रजी स्लाइड लागल्या की सुपरवायझर हाताची घडी घालून बसतात आणि शेवटपर्यंत बोलत नाहीत. प्लांट हेड शेवटी बोलतील हे त्यांना आधीच विनंती करून ठरवून घेते. साहेबांनी सुरुवातीला मत दिलं की बाकीचे तेच मत फिरवून सांगतात. नावं घेऊन बोलायचं नाही, पाळी आणि पायरी सांगायची. ‘अमुकने तपासलं नाही’ ऐवजी ‘दुसऱ्या पाळीत तपासणीला जागाच नव्हती’.

मी काम केलेल्या एका ठिकाणी अशा बैठकीनंतरच्या मेलमध्ये एका सुपरवायझरचं नाव घालून ती मेल वरपर्यंत पाठवली गेली. त्यानंतर वर्षभर त्या शॉपमधून एकही धडा आला नाही. बैठकीचा कागद अप्रेझलला जोडला जाणार नाही, हे तुमच्या मॅनेजरकडून आधी स्पष्ट वदवून घ्या. नवख्या माणसाला हे मागणं अवघड जातं, तरी मागा.

चौथी पायरी : न पाहिलेल्या माणसाला समजेल असं लिहा

माझी जुनी ओळ पुन्हा पाहा. ‘काळजी घ्यावी’ म्हणजे कोणी, कधी, कशाची? ‘समन्वय वाढवावा’, ‘योग्य ती दक्षता घ्यावी’, ‘फॉलोअप ठेवावा’ हे शब्द दिसले की ती नोंद परत पाठवा.

आज मी तीच ओळ अशी लिहीन :

परिस्थिती : नायलॉन ६६ चा, क्लिप असलेला पार्ट मोल्डिंगनंतर लगेच, कोरड्या हवेच्या महिन्यांत कस्टमरकडे पोहोचतो तेव्हा.
काय होतं : क्लिप बसवताना मुळापाशी तुटते.
कारण : ताजा पार्ट कोरडा आणि ठिसूळ असतो. ओलावा घ्यायला त्याला वेळ मिळालेला नसतो.
करायचं : पिशवीत ठरलेलं पाणी घालून ४८ तास सीलबंद ठेवल्याशिवाय पार्ट पाठवायचा नाही. ट्रायलला क्लिपची चाचणी ताज्या आणि कंडिशनिंग झालेल्या, दोन्ही पार्टवर घ्यायची.
कुठे लागू नाही : पॉलिप्रॉपिलीनचे पार्ट. ते ओलावा जवळजवळ घेतच नाहीत.

४८ तास आणि पाण्याचं माप आमच्या पार्टचं आहे. जाडी आणि ग्रेड बदलला की तुम्हाला ते चाचणी करून ठरवावं लागेल.

कारणाची ओळ कधीही गाळू नका. नायलॉनचा दाणा मोल्डिंगआधी सुकवावा लागतो, हे शॉपमधल्या प्रत्येकाला शिकवलेलं असतं. दाणा सुकवायचा आणि पार्टला मात्र पाणी द्यायचं, हे ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. कारण लिहिलेलं नसेल तर नवा शिफ्ट इंचार्ज पिशवीतलं पाणी पाहून ते चूक समजेल आणि चांगल्या हेतूने बंद करेल. आमच्याकडे हेच झालं होतं. ते पाणी कधी आणि का बंद झालं, ते आम्हाला दुसऱ्यांदा क्लिपा तुटल्यावर कळलं.

पाचवी पायरी : धड्याला राहायला जागा द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. एक्सेलमधली ओळ वाचायला माणसाला मुद्दाम जावं लागतं, आणि घाईत कोणी जात नाही. ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं त्याचा तक्ता), पॅकिंग स्टँडर्ड, ट्रायलची चेकलिस्ट हे कागद मात्र काम करताना हातात येतातच. धडा तिथे उतरवायचा.

क्लिपच्या धड्याला आम्हाला पाच जागा लागल्या. ड्रॉइंगवर कंडिशनिंगची टीप आणि मापं कोणत्या अवस्थेत घ्यायची तेही, कारण ओलावा घेतला की नायलॉन किंचित फुगतं आणि कोरड्या व ओल्या पार्टच्या मापांवरून कस्टमरशी वाद होतो. पीएफएमईएमध्ये ‘कंडिशनिंग राहिलं’ ही नवी ओळ. कंट्रोल प्लॅनमध्ये वजनाची तपासणी : पार्टने किती ओलावा घेतला ते आधीच्या आणि नंतरच्या वजनावरून कळतं. ट्रायलच्या चेकलिस्टमध्ये ताज्या पार्टची चाचणी.

पाचवी जागा कॉस्टिंग शीट, आणि नवे लोक हीच विसरतात. पिशवी, पाणी घालणारा माणूस, दोन दिवसांचा अडकलेला स्टॉक, त्यासाठीची जागा या सगळ्याला पैसे पडतात. कोटेशनमध्ये ते धरले नाहीत तर सहा महिन्यांनी खर्च कमी करायची मोहीम येते तेव्हा पहिला बळी कंडिशनिंगचा जातो.

शक्य असेल तिथे माणसाच्या आठवणीवर काही ठेवू नका. प्रशिक्षण द्या, पण आणखी एक करा : मोल्डिंगच्या लॉटला ४८ तास झाल्याशिवाय सिस्टिममधून डिस्पॅचची स्लिप निघणारच नाही अशी सोय आयटीवाल्यांकडून करून घ्या. आमच्याकडे त्याला दोन महिने आणि बरेच फोन लागले. तेवढे करा.

नोंदवहीत एक रकाना वाढवा : ‘कोणत्या कागदात, कोणत्या रिव्हिजनला’. तो रिकामा असेल तोवर धडा उघडा धरायचा, बाकी सगळे रकाने कितीही छान भरलेले असोत. ओळ ४७ पुढे आज ड्रॉइंगचा क्रमांक आणि रिव्हिजन सी लिहिलेलं आहे.

सहावी पायरी : आडवं पसरवा

टोयोटामध्ये याला योकोतेन म्हणतात, एका जागी शिकलेलं शेजारच्या जागी नेणं. प्रोग्रॅम मॅनेजरच्या हातात सगळ्या पार्टची यादी असते, त्यामुळे हे काम त्याच्याइतकं सहज कोणालाच जमत नाही. यादी उघडा, मटेरियलच्या रकान्यावरून फक्त नायलॉनचे पार्ट निवडा, क्लिप असलेले पार्ट वेगळे करा. एका संध्याकाळचं काम आहे. त्यानंतर प्रत्येक पार्टच्या मालकाकडून ‘लागू आहे’ किंवा ‘लागू नाही, कारण हे’ असं लेखी उत्तर घ्या. ‘सर्वांनी नोंद घ्यावी’ अशी मेल पाठवलीत तर कोणीच नोंद घेत नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या मॅनेजरला मात्र मेल पाठवू नका, चहाला भेटा आणि तुटलेली क्लिप हातात द्या.

सातवी पायरी : वर्षातून दोनदा छाटणी

नोंदवही शंभर ओळींच्या पुढे गेली की ती वाचली जात नाही. सहा महिन्यांनी बसा. जे धडे कागदांत उतरले ते बंद करा. ज्यांचं मटेरियल, मशीन किंवा कस्टमर उरला नाही ते बाजूला काढा. एकाच मुळाचे पाच असतील तर एक करा. आमच्या ‘मोल्ड उशिरा आला’च्या नऊ वेगवेगळ्या नोंदींचं मूळ एकच निघालं : ऑर्डर दिल्यानंतरही पार्टचं डिझाइन बदलत होतं. तो धडा टूलरूमचा नव्हता, तो आमच्या डिझाइन फ्रीझच्या, म्हणजे डिझाइन पक्कं करण्याच्या, तारखेचा होता. नऊ ओळी एकत्र पाहिल्या नसत्या तर आम्ही अजून टूलरूमलाच पत्रं लिहीत बसलो असतो.

बंद केलेला धडा प्रत्यक्षात जिवंत आहे का, हे कागदावर कळत नाही. क्लिपच्या धड्यासाठी मी दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात न सांगता डिस्पॅचला जाते. गाडीत चढायला निघालेल्या मालातला एक बॉक्स उघडते, पिशवीवरची मोल्डिंगची तारीख आणि वेळ पाहते, सील तपासते. मग तिथे पॅकिंग करणाऱ्या ताईंना विचारते, हे पाणी कशासाठी घालतात? त्यांना कारण सांगता आलं तर पुढच्या बॉक्सकडे जाते. नाही आलं, तर त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर दहा मिनिटं मागून घेते आणि एक ताजी आणि एक कंडिशनिंग झालेली क्लिप त्यांच्याच हाताने वाकवायला देते.